बोटांचा क्लास: खिळे, राजमा आणि साडेतीन तारे

हा रिव्ह्यू बोटांना स्पर्श नव्यानं शिकवणाऱ्या एका क्लासचा, पण सुरुवात चहापासून. मार्चमध्ये एका लग्नात माझ्या हातात चहाचा कागदी कप चुरगळला. हातातून सुटला असता तर एक वेळ चाललं असतं. सुटला नाही, चुरगळला. अर्धा चहा माझ्या झब्ब्यावर, अर्धा नवरीच्या मामांच्या बुटांवर. मामा भला माणूस. म्हणाले, "असू द्या काका, वय झालं की हात थरथरतोच." मला राग आला तो याचा. हात थरथरला नव्हता. मी कप गरजेपेक्षा जास्त जोरानं धरला होता, आणि तसा धरलाय हे मला कप चेपल्यावर कळलं.

माझं वय ७२. सतराव्या वर्षी, १९६९ साली, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, म्हणून लागलो. वीसएक वर्षं खिळे जुळवले. मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली, खिळे किलोवर भंगारात गेले आणि मी प्रूफं तपासायला लागलो. ज्यांनी जुना छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी: खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, उंची इंचाला थोडी कमी. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात खिळ्यांच्या पेटीतल्या खणांत, डोळे मजकुरावर. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते, तिला निक म्हणायचं. ती ठरलेल्या बाजूला लागली की खिळा सुलटा बसला. दर खिळ्याला खाली बघत बसलात तर संध्याकाळपर्यंत गॅली, म्हणजे जुळलेल्या ओळी ठेवायची लांब पाटी, भरत नाही आणि फोरमन तुमच्याकडे बघायला लागतो.

लग्नाहून आल्यावर कपाटातून लिमलेटचा जुना डबा काढला. भंगारवाला येण्याआधी उचलून ठेवलेले तीसेक खिळे त्यात आहेत. एक हातात घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. चारही बाजू गुळगुळीत. पुन्हा फिरवला. डोळे उघडले तर खाच अंगठ्याच्या पेराखालीच होती.

त्या रात्री जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, "अहो, झालंय काय?" मी म्हटलं, "निक लागत नाहीये." तिला वाटलं नाटकातलं काही असेल.

म्हणून हा क्लास. रिव्ह्यू त्याचाच आहे, पण नाव लिहिणार नाही. तक्रारीही करायच्या आहेत आणि शिकवणाऱ्या मॅडम मेहनती आहेत. त्यांच्या पोटावर पाय नको. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आठ आठवडे, सोमवार-गुरुवार सकाळी अकरापासून पाऊण तास. फी ६,४०० रुपये आणि सुरुवातीच्या तपासणीचे ८०० वेगळे. बॅचला सहा जण.

आधी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं. डॉक्टरांचे कागद पाहिल्याशिवाय त्यांनी माझं नाव नोंदवलं नाही. बोटं बोथट होण्याची कारणं दहा असतात: साखर, मनगटात दबलेली नस, मानेचा मणका, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं मुंग्या येऊन झोपमोड करत असतील, किंवा बटणं लागेनाशी झाली आणि चालतानाही तोल जायला लागला, तर राजमा चाचपत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, असं त्यांनी पहिल्या फोनवरच सांगितलं. माझ्या कागदांत बी-१२ कमी निघालं. बारा वर्षं साखरेवरची मेटफॉर्मिनची गोळी चालू, त्यात शाकाहारी, डॉक्टर म्हणाले, "दोन्ही कारणं घरातच आहेत." इंजेक्शनं सुरू झाली. हे लक्षात ठेवा, पुढे याचा हिशेब येणार आहे.

तपासणी हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. मॅडमनी टेबलावर नॅपकिन घातला, त्यावर माझा हात उताणा ठेवला आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या दांड्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला नायलॉनचा केस, बारीक ते जाड असे क्रमानं. केस बोटाला टेकवून दाबायचा. ठरावीक दाबाला तो वाकतो, म्हणजे कोणी कितीही जोर लावला तरी बोटावर दाब तेवढाच. पूर्वी फॉन फ्राय नावाचा ऑस्ट्रियन-जर्मन शास्त्रज्ञ यासाठी घोड्याचे केस वापरायचा. नायलॉनचे आता कुष्ठरोगाच्या तपासणीत आणि मधुमेह्यांच्या पावलांसाठी सर्रास वापरतात. "लागलं की 'हो' म्हणा काका," मॅडम म्हणाल्या. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काही होईना. मला वाटलं, तयारी चालली असेल. तयारी कसली, चार वेळा टोचून झालं होतं.

मग दोन टोकांची चकती. टोकांमधलं अंतर कमी-जास्त करत बोटाला लावायची आणि विचारायचं, एक की दोन? धडधाकट बोटाच्या शेंड्याला पाच मिलिमीटरपर्यंतची दोन टोकं दोन म्हणून कळायला हवीत. माझ्या उजव्या तर्जनीला सात लागले, मधल्या बोटाला आठ. आमच्या धंद्यातला आठ पॉइंटचा खिळा तीन मिलिमीटरही जाड नसतो. म्हणजे हल्ली दोन खिळे शेजारी ठेवले तर माझ्या बोटाच्या लेखी तो एकच.

नंतर पकडीचं यंत्र दाबायला दिलं. ३१ किलो. मॅडम हसल्या. "जोर भरपूर आहे काका. खबर पोचत नाहीये."

हे वाक्य ऐकायला मी त्यांना वेगळे पैसे दिले असते. तोपर्यंत प्रत्येकानं मला स्माइलीचा चेंडू दाबायला सांगितलं होतं. फॅमिली डॉक्टर, जावई, बागेतला हास्यक्लब, सगळ्यांनी. माझ्याकडे तसले तीन चेंडू जमलेत. पण दुखणं जोराचं नव्हतंच. बोटांच्या कातडीत स्पर्शाची बारीक टोकं असतात, त्यांतली माइस्नरची म्हणतात ती वय वाढेल तशी विरळ होत जातात. वस्तू बोटांतून किंचित घसरली की ती वर मेंदूला कळवतात आणि पकड आपोआप तेवढ्यापुरती घट्ट होते. खबर येईनाशी झाली की मेंदू घाबरट हिशेब करतो, आधीच करकचून धरतो. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठात योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ साली लोकांची बोटं बधिर करून त्यांना वस्तू उचलायला लावल्या आणि हे मोजून दाखवलं. मॅडमनी सांगितलं तेव्हा मला कागदी कप आठवला. मामांच्या बुटांचा उलगडा झाला.

शेवटची चाचणी नऊ भोकांच्या पाटीची. वाटीतल्या नऊ खुंट्या एकेक करून बसवायच्या, मग एकेक काढायच्या. उजवा हात ३४ सेकंद, डावा ३८. माझ्या वयाला पंचविशीच्या आसपास हवेत, म्हणाल्या.

घरी करायच्या व्यायामांचा एक छापील कागद मिळाला. पहिल्याच ओळीत 'हस्थकौशल्य'. खाली 'संवेदनशिलता', 'बोटांची पेरं' दोनदा 'पेर', आणि एक पूर्ण वाक्य दोन वेळा. मी मुकाट्यानं घरी आणला आणि लाल पेनानं प्रूफ काढलं. तिसऱ्या तासाला परत दिला. मॅडम ओशाळल्या, पण पुढच्या सोमवारी नवीन छापलेला कागद सहाही जणांना मिळाला. 'हस्तकौशल्य' बरोबर होतं. 'संवेदनशिलता' तशीच होती.

आता प्रत्यक्ष क्लास. पद्धत एकच, ती सगळीकडे लागू: आधी डोळे उघडे ठेवून वस्तू चाचपा, मग डोळे मिटून चाचपा, मग पुन्हा बघत चाचपा. नस कापून शिवलेल्या रुग्णांना स्पर्श नव्यानं शिकवायची ही रीत आहे. सुरुवात पॉलिश पेपरपासून. ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेले, ते डोळे मिटून खरखरीतपासून गुळगुळीतपर्यंत लावायचे. पहिले दोन तास मी २२० आणि ४०० उलटसुलट करत होतो. बोट दाबून ठेवलं की काही कळत नाही, हलकं फिरवत राहिलं की कळतं. हे एवढंसं मला कोणी ७२ वर्षांत सांगितलं नव्हतं. खरं तर खिळ्याच्या बाबतीत मी तेच करत होतो, अंगठा दाबून.

राजम्याची बादली मात्र या क्लासचा प्राण. प्लॅस्टिकची बादली, दोन तृतीयांश राजमा, त्यात बुडवलेल्या वस्तू: चिंचोका, कवडी, सुपारी, शर्टाचं बटण, किल्ली, रिठा, स्क्रू, नट. हात कोपरापर्यंत घालायचा, मॅडम नाव घेतील ती वस्तू काढायची, बघायचं नाही. राजमा मुद्दाम, कारण चिंचोका आणि राजमा बोटाला जवळजवळ सारखेच. पहिल्या दिवशी मी 'चिंचोका' म्हणून सलग तीन राजमे काढले. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते, ते म्हणाले, "काका, कुकर लावू का?" चौथ्या आठवड्यात कधी तरी असं झालं की बोट आत फिरताना एका जागी थांबलं. मी थांबवलं नव्हतं. काहीतरी जरा टोकदार, जरा चपटं, राजम्यापेक्षा थंड नाही पण कडक. चिंचोका. ते कळणं आणि बाहेर काढून बघणं यांच्यात दोन-तीन सेकंद गेले असतील, पण त्या वेळात मी छापखान्यात होतो.

नाण्यांची पिशवी दुसऱ्या नंबरवर. दहाचं आणि वीसचं नाणं रुंदीला सारखंच, २७ मिलिमीटर. फरक काठाचा, वीसचं बारा कोनांचं. पिशवीत हात घालून मागतील ते नाणं द्यायचं. मग तीन नाणी चिमटीतून एकेक करून तळहातात सरकवायची, आणि उलट, तळहातातून एकेक चिमटीत आणायची, दुसऱ्या हाताची मदत न घेता. करून बघा. सोपं वाटतं, तिसरं नाणं जमिनीवर जातं. आमच्या वर्गात पहिल्या पंधरवड्यात नाण्यांचा एवढा खणखणाट व्हायचा की खालच्या मजल्यावरच्या सीएंनी एकदा माणूस पाठवला.

अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट इथंच मिळाली. बॅचमध्ये कोथरूडच्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना सुई धरता येईना म्हणून आल्या होत्या, पण पर्समध्ये कापूस असायचा आणि मॅडम यायच्या आधी त्या फुलवाती वळत बसायच्या. डोळे खिडकीबाहेर, हात आपले चालू. कापसाची चपटी पाकळी, मधोमध चिमटा, दुधाचं बोट, एक पीळ, झाली वात. मी विचारलं, "न बघता कसं जमतं?" म्हणाल्या, "बघितलं की बिघडते." मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गुरुवारी कापूस सगळ्यांच्या टेबलावर होता. शिकवणाऱ्याला शिकता येतं, याचे माझ्याकडून गुण.

दुधाच्या बोटावरून आठवलं. म्हातारपणी कातडी कोरडी होते आणि कोरडं बोट घसरतं, म्हणून पुस्तकाचं पान उलटायला आपण थुंकी लावतो. रात्री हाताला क्रीम किंवा खोबरेल लावून झोपा, व्यायामाच्या वेळी मात्र हात धुऊन बसा, असा साधा उपाय मॅडमनी दिला. आठवडाभरात पानं सुटी व्हायला लागली. आठ आठवड्यांतला सगळ्यांत स्वस्त फायदा हाच.

आता तक्रारी. दुसऱ्या आठवड्यात 'होम किट' पुढे आलं. १,८५० रुपये. सक्ती नाही म्हणाले, पण ज्यांनी घेतलं नाही त्यांना दर तासाला "किट आणलंय का?" असं विचारलं जायचं. मी घेतलं. आत तीन रंगांची थेरपी पुटी, म्हणजे हातानं मळायचा चिकट गोळा, पॉलिश पेपरचे चार तुकडे, एक कापडी पिशवी, दहा मणी आणि नऊऐवजी आठ खुंट्या. नववी मागितली तर "पुढच्या लॉटमध्ये येईल". अजून यायची आहे. पुटीला रॉकेलसारखा वास, आणि ती सोफ्यावर राहिली तर तिला केस, धागे, चिवड्यातली मोहरी, सगळं चिकटतं. पुटी मळून जोर वाढेल, पण जोर माझ्याकडे ३१ किलो होता हे यांनीच मोजलं होतं ना? मॅडमनी पुटीत मणी लपवून ते काढायला सांगितलं, ते ठीक. पण ते कणकेत मेथीदाणे खुपसूनही होतं. मी करून पाहिलं. ही म्हणाली, "अहो, खायच्या कणकेत हे काय चाललंय?" तेव्हापासून मला वेगळा गोळा मिळतो, काल उरलेल्या कणकेचा.

दुसरी तक्रार: सोळापैकी तीन तासांना मॅडम नव्हत्या. बदली म्हणून शिकाऊ मुलगा यायचा. तो राजम्याची बादली पुढे सरकवायचा आणि मोबाइल बघायचा. या क्लासमध्ये समोरचा माणूस बघत नसेल तर तुम्ही चोरून बघता, हे मी स्वानुभवानं सांगतो. तिसरी: क्लास चालू असेपर्यंत बासरीची कॅसेट. शांत वाटावं म्हणून असेल, पण बोटाकडे लक्ष द्यायचं असताना कानात कोणी राग आळवत असेल तर लक्ष कुठे जाणार? सांगितल्यावर आवाज कमी केला, बंद केली नाही.

आता निकाल. शेवटच्या गुरुवारी पुन्हा सगळं मोजलं. नऊ भोकांची पाटी: उजवा हात ३४ वरून २६ सेकंद. दोन टोकं: तर्जनीला सातवरून पाच, मधल्या बोटाला आठचे आठच. नायलॉनचे केस: काही फरक नाही, जो बारीक केस मार्चमध्ये लागत नव्हता तो आताही लागत नाही. मॅडमनी आकडे लपवले नाहीत, गोडही केले नाहीत. म्हणाल्या, गेलेली टोकं परत उगवली नाहीत, उरलेल्यांचं ऐकायला तुमचा मेंदू शिकला. ब्रेल वाचणाऱ्यांची बोटं म्हातारपणीही तल्लख राहतात, तसंच काहीसं. आणि जे घोटाल तेच सुधारेल. नाणी फिरवून पेटी वाजवता येणार नाही.

पण इंजेक्शनांचं काय? दोन महिने बी-१२ही चालू होतं. सुधारणा सुईची की राजम्याची? ड्रायव्हरसाहेबांनी हीच शंका काढली, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर आहे, ते माझ्या आळसामुळे मिळालंय. घरचा अभ्यास दोन्ही हातांनी करायचा होता. मी रोज वीस मिनिटं फक्त उजव्यानं केला. डाव्याची पाळी येईपर्यंत बातम्या लागायच्या. डावा हात ३८ वरून ३६ वर आला, बस्. इंजेक्शन काही फक्त उजव्या हाताला लागत नाही. दोन सेकंद सुईचे धरा, नाहीतर पाटीची सवय झाल्याचे. उरलेले सहा राजम्याचे. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, एका म्हाताऱ्याचे दोन हात आहेत, पण मला पुरतो.

रोजच्या जगण्यात काय बदललं? गोळीची स्ट्रिप दाबल्यावर गोळी टिपॉयखाली जात नाही, बहुतेक वेळा. भाजीवाल्याला दहाच्या जागी वीसचं नाणं देणं बंद झालं. ते आधी किती महिने चाललं होतं हे तो सांगणार नाही. शर्टाचं सगळ्यात वरचं बटण आरशाशिवाय लागतं. सुईत दोरा अजून जात नाही, पण तो दोष डोळ्यांचा आहे, त्याचे पैसे मी दुसरीकडे भरतोय. आणि कागदी कप अजून दोन हातांनीच धरतो.

लिमलेटचा डबा शेवटच्या तासाला क्लासला नेला होता. मॅडमना एक खिळा दिला आणि म्हटलं, डोळे मिटून सांगा खाच कुठे आहे. त्यांना एका सेकंदात सापडली. तिशीतली बोटं. मग मी घेतला. अंगठा दाबला नाही, हलका फिरवला. तिसऱ्या बाजूला लागली. अक्षर 'ध' आहे की 'घ' ते बोटाला कळलं नाही, पण ते तेव्हाही डोळ्यांनीच वाचायचो.

तारे साडेतीन. एक जिना आणि बदली मुलासाठी कापला, अर्धा किटसाठी. जाणार असाल तर सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी सहा जणांत एकच बादली असते म्हणे. जिन्याला कठडा फक्त डाव्या बाजूला आहे, काठीवाल्यांनी सोबत कोणी न्या. पहिल्या तपासणीचे ८०० रुपये जरूर भरा, ते मोजमाप घरी होत नाही. किट घेऊ नका. अर्धा किलो राजमा, मूठभर चिंचोके, हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचे चार नंबर, आणि पिशवीत सुटी नाणी. दोनशेच्या आसपास जातील, नाणी सोडून. राजमा पावसाळ्यात अधूनमधून ऊन दाखवा, आमच्या बादलीत जुलैत किडे झाले होते.

क्लास संपून तीन महिने झाले. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी मी वाती वळतो, आता डाव्या हातानंही चिमटा काढतो. काल एकवीस वळल्या. हिनं सहा परत केल्या.